पानावरच्या भावंडांचा कारभारी कोण?

शिरूर तालुक्यात मलठण आहे, तसे दौंड तालुक्यातही मलठण आहे. ऑनलाइन सातबारा पाहायचा तर महाभूलेखवर आधी जिल्हा निवडायचा, मग तालुका, गाव आणि शेवटी गट नंबर. असाच फॉर्म उद्या आपल्याला बांधायचा आहे असे धरू. वापरणाऱ्याने शिरूर निवडले, मग मलठण निवडले आणि तेव्हा त्याच्या लक्षात आले की जमीन दौंडच्या मलठणात आहे. त्याने तालुका बदलला. आता गावाच्या रकान्याने काय करावे? नाव तेच म्हणून तो तसाच राहिला, तर पडद्यावर सगळे बरोबर दिसेल, पण आत शिरूरच्या गावाचाच कोड असेल आणि उतारा भलत्याचाच निघेल. म्हणून तालुका बदलला की गाव रिकामे झालेच पाहिजे. नियम एवढा साधा आहे, पण तो लिहून कुठे ठेवायचा यावर वेब बांधणारी मंडळी गेली पंचवीसएक वर्षे वेगवेगळी उत्तरे देत आली आहेत. तालुक्याच्या रकान्याला गावाची खबर नसते आणि गावाच्या रकान्याला तालुक्याची.

एकाच पालक घटकाखाली शेजारीशेजारी बसलेल्या अशा घटकांना भावंडे म्हणतात. त्यांच्या गटांचे ढोबळ तीन प्रकार दिसतात. पहिल्यात एका वेळी एकालाच संधी असते: रेडिओ बटणे, टॅब, एक उघडला की दुसरा मिटणारा अकॉर्डियन. दुसरी साखळी: वर दिलेले तालुका आणि गाव. तिसरी यादी: तिथे क्रम आणि संख्या महत्त्वाची, जसे खाली पंधरा चेकबॉक्स आणि वर ‘सगळे निवडा’ म्हणणारा एक, त्यातले काहीच निवडलेले असतील तर वरच्याने ना धड हो, ना धड नाही अशी तिसरी अवस्था दाखवायची. या आढाव्यात मुख्यतः पहिल्या प्रकाराची चर्चा आहे, कारण वादही तिथेच झाला. साखळीकडे लक्ष कमी गेले, आणि माझ्या मते ते जायला हवे होते.

आधीची व्यवस्था

गट सांभाळण्याचे पहिले उत्तर ब्राउझरनेच दिले होते. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० ची व्याख्या प्रसिद्ध झाली, तिच्यात रेडिओ बटण होते. ज्या बटणांचा ‘नेम’ सारखा, ती एका गटातली. एक दाबले की बाकीची सुटतात. ती पानावर एकमेकांशेजारी असण्याचीही गरज नाही, एकाच फॉर्ममध्ये असली की पुरे. पुढे एचटीएमएल ४ ने गटाला चौकट आणि मथळा देणारे फील्डसेट व लेजंड आणले. त्यापलीकडे टॅब, अकॉर्डियन वगैरे जे काही लागेल ते ज्याचे त्याने जावास्क्रिप्टमध्ये लिहायचे, अशी वाटणी झाली.

२००६ मध्ये जेक्वेरी आली आणि तिच्यातल्या ‘सिब्लिंग्ज’ या पद्धतीने एक चाल रूढ केली: दाबलेल्या घटकाला ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा क्लास लावा आणि त्याच्या सगळ्या भावंडांवरून तो काढून टाका. एका ओळीत काम होते. भारतातल्या असंख्य सरकारी-खासगी पानांवर ही ओळ आजही गुमान चालू असेल. तिची खोट अशी की तिला गट म्हणजे शेजार एवढेच कळते. उद्या डिझाइनरने दोन बटणांभोवती एक जादा डिव्ह गुंडाळला की ती बटणे भावंडे राहत नाहीत, एका वेळी दोन टॅब उजळतात आणि कन्सोलमध्ये त्रुटीचा एक शब्दही येत नाही.

फ्रेमवर्कांनी यातून धडा घेतला. अँग्युलरजेएसमध्ये मुलाला आपल्या पालकाचा कंट्रोलर मागून घेता येई. तिच्या अधिकृत दस्तऐवजातले उदाहरणही टॅबचेच होते. २०१३ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्टने स्थिती वर उचलून पालकाकडे द्यायला शिकवले: कोणता टॅब उघडा हे पालकाने ठरवावे, मुलांनी फक्त दाखवावे. हा विचार टिकला. मात्र तो त्या त्या फ्रेमवर्कच्या आवारातच चाले. एका फ्रेमवर्कमधला टॅबगट उचलून दुसऱ्यात ठेवता येत नसे.

कस्टम एलिमेंटची हमी

वेब कंपोनंट्सची कल्पना अ‍ॅलेक्स रसेल यांनी २०११ च्या फ्रंटीयर्स परिषदेत मांडली. पहिली आवृत्ती क्रोमपुरती राहिली. सर्वांनी मान्य केलेली दुसरी आवृत्ती क्रोममध्ये २०१६ साली, सफारीत २०१७, फायरफॉक्समध्ये २०१८ आणि एजमध्ये जानेवारी २०२० मध्ये पोहोचली. आपला टॅग आपण घडवायचा, त्याचे वर्तन एका क्लासमध्ये लिहायचे, आणि तो टॅग कोणत्याही पानावर, कोणत्याही फ्रेमवर्कसोबत चालवायचा, अशी ही सोय आहे. घटक पानाला जोडला गेला, पानावरून काढला गेला किंवा त्याचा गुणधर्म बदलला की ब्राउझर क्लासमधली ठरलेली कार्ये स्वतः बोलावतो.

एक पळवाट मात्र पहिल्यापासून अर्धवट राहिली. ‘इज’ हा गुणधर्म लावून असलेल्याच फील्डसेटला किंवा यादीला जादा वर्तन द्यावे, असे व्याख्येत आहे. क्रोम आणि फायरफॉक्सने ते केले, सफारीच्या वेबकिट इंजिनने तत्त्वतः नाकारले. अंगभूत घटकाचा वारसा घेणारा घटक त्याच्या जागी बिनधोक बसेलच असे नाही, हा त्यांचा आक्षेप. त्यामुळे सफारी चालवायची तर स्वतंत्र टॅगच घ्यावा लागतो. याचा फटका तक्त्यांना जास्त बसतो. तक्त्याच्या ओळींभोवती आपला टॅग गुंडाळला तर पार्सर तो उचलून तक्त्याच्या बाहेर ठेवतो. शोधातून आलेल्या गट नंबरांच्या ओळी सांभाळायच्या असतील, तर टॅग अख्ख्या तक्त्याभोवतीच घालावा लागतो.

इथून पुढे मते फुटतात.

पालकाने पाहावे

सर्वाधिक अनुयायी या मताचे. एक बाहेरचा कस्टम टॅग, आत साधे एचटीएमएल. मुलांमधले क्लिक वर बुडबुड्यासारखे चढत येते, पालक ते पकडतो, कोण निवडले गेले ते ठरवतो आणि सगळ्यांचे गुणधर्म एका ठिकाणाहून बदलतो. दौंड जंक्शनला हे चटकन समजेल. तिथे मनमाडचा आणि बारामतीचा फाटा पुणे–सोलापूर मार्गाला मिळतो. एका गाडीला वाट दिली की तिला छेद देणाऱ्या वाटांचे सिग्नल इंटरलॉकिंगमुळे बांधले जातात. सिग्नल एकमेकांना विचारत बसत नाहीत.

या मतातही दोन घरे आहेत. एका घराला शॅडो डॉम हवा: पालकाची आतली रचना झाकलेली, मुले स्लॉटमधून आत बसवलेली, आणि स्लॉटमधली मुले बदलली की ‘स्लॉटचेंज’ ही घटना मिळते. दुसऱ्या घराला तो नको. २०२३ च्या अखेरीस जिम नीलसन आणि जेरेमी कीथ यांच्या लेखनामुळे ‘एचटीएमएल वेब कंपोनंट’ हे नाव या दुसऱ्या घराला चिकटले. म्हणणे असे: मजकूर आधी साध्या एचटीएमएलमध्ये पूर्ण असू द्या, कस्टम टॅग फक्त त्याभोवती गुंडाळा, स्क्रिप्ट पोहोचली तर टॅब होतील, नाही पोहोचली तर चार परिच्छेद एकाखाली एक वाचता येतील. गिटहबचा टॅब-कंटेनर-एलिमेंट सुरुवातीला या धाटणीचा होता: बटणे आणि पॅनल पानाचेच, टॅग फक्त त्यांना गट म्हणून वागवी.

मोठी तक्रार वेळेची. पानाचे एचटीएमएल वाचता वाचता पार्सर आपल्या टॅगच्या सुरुवातीपाशी येतो. तोवर टॅगची व्याख्या नोंदलेली असेल तर ‘कनेक्टेडकॉलबॅक’ तिथेच बोलावला जातो, आणि तेव्हा आत एकही मूल नसते. स्क्रिप्ट मागाहून आली, तर तोच कॉलबॅक सगळी मुले हजर असताना चालतो. म्हणजे स्क्रिप्टचा टॅग हेडमध्ये आहे की पानाच्या तळाशी, यावर पालकाला मुले किती दिसतील ते ठरते. विकसकाच्या संगणकावर सगळे सुरळीत आणि प्रत्यक्ष पानावर गट रिकामा, हा प्रकार यातूनच होतो. ‘मुले वाचून झाली’ असे सांगणारा कॉलबॅक द्या ही मागणी जुनी आहे. व्याख्येत तो अजून नाही. विरोधकांचा मुद्दाही पोकळ नाही: मुले नंतरही येत-जात राहतात, एकदाच मिळालेल्या निरोपावर विसंबणारा घटक पुढच्या बदलाला फसेलच. मग म्युटेशनऑब्झर्व्हर लावा, असे ते म्हणतात. तो मुले आली-गेली की कळवतो, पण थोडे थांबून, चालू काम संपल्यावर. मधल्या क्षणी गट चुकीच्या अवस्थेत असू शकतो.

माझा कल असा की पालकाने आधीच हजेरी घेऊ नये. क्लिक आल्यावर, त्या क्षणी आत कोण आहे ते विचारावे. पहिल्या प्रकारच्या बहुतेक गटांना एवढे पुरते आणि वेळेचा निम्मा गुंता सुटतो. यादीच्या प्रकाराला हे लागू पडत नाही, कारण तिथे संख्या आधीपासून दाखवायची असते.

मुलांनी स्वतः नाव नोंदवावे

दुसऱ्या मताप्रमाणे मूलही कस्टम टॅग असावे आणि पानाला जोडले जाताच त्याने वर चढणारी घटना पाठवून पालकाकडे नोंद करावी. मधे कितीही डिव्ह आले तरी बिघडत नाही. पालकाला शेजार मोजावा लागत नाही. मोठ्या कंपोनंट संग्रहांमध्ये ही रीत दिसते, आणि वेब कंपोनंट्स समुदायाने तिला ‘कॉन्टेक्स्ट’ नावाचा सामाईक शिष्टाचारही दिला आहे: मूल वर विचारते, ज्याच्याकडे उत्तर आहे तो पूर्वज देतो. लिट या ग्रंथालयात तो तयार मिळतो.

इथले खड्डे बारीक आहेत, पण नेमके आहेत. मुलाची व्याख्या पालकाच्या आधी नोंदली गेली तर त्याची हाक ऐकायला वर कोणीच नसते. नोंदीचा क्रम आणि पानावरचा क्रम एकच असेल याची खात्री नाही, त्यामुळे बाण कळीने ‘पुढचा’ टॅब कोणता हे विचारताना पालकाला पानावरचा क्रम पुन्हा तपासावा लागतो. सगळ्यात फसवे निरोपाचे आहे. मूल पानावरून काढले जाते तेव्हा ‘डिस्कनेक्टेडकॉलबॅक’ चालतो, पण तोवर ते सुटे झालेले असते. तिथून पाठवलेली घटना जुन्या पालकापर्यंत चढतच नाही. म्हणून मुलाला येतानाच पालकाचा पत्ता लिहून ठेवावा लागतो. शिवाय घटक एका जागेवरून दुसरीकडे हलवणे म्हणजे आजवर काढणे आणि पुन्हा जोडणे असेच होते; क्रम बदलताना गट क्षणभर मोडे आणि पुन्हा जुळे. क्रोमने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मूव्हबिफोर’ आणले, त्यात स्थिती न सांडता घटक हलवता येतो. सगळे ब्राउझर ते आणतील तेव्हा हा खड्डा बुजेल.

याच मताची एक लहान शाखा पालकच नको म्हणते: रेडिओसारखे, समान ‘नेम’ असलेल्यांनी एकमेकांना शोधावे. सुटसुटीत आहे. पण शॅडो डॉमच्या भिंतीपलीकडचे भावंड दिसत नाही, आणि खुद्द रेडिओ बटणांचा गटही ती भिंत ओलांडत नाही.

ब्राउझरनेच करावे

तिसरे मत गेल्या चार-पाच वर्षांत बळावले. जे प्रत्येक जण पुन्हा पुन्हा लिहितो, ते ब्राउझरमध्येच असावे. डिटेल्स या घटकाला ‘नेम’ मिळाला: क्रोम आणि सफारीत डिसेंबर २०२३ मध्ये, फायरफॉक्समध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये. समान नावाचे डिटेल्स आपोआप एकच उघडा ठेवतात, जावास्क्रिप्टची एक ओळही न लागता. सीएसएसच्या ‘हॅज’ निवडकाने आतल्या किंवा शेजारच्या घटकाच्या अवस्थेवरून पालकाला सजवण्याची सोय केली. फायरफॉक्स १२१ मध्ये ती आली आणि २०२३ संपता संपता तिन्ही प्रमुख ब्राउझर जुळले. क्रोम १३८ पासून एखादा घटक भावंडांत कितवा आणि भावंडे किती, हे सीएसएसला थेट विचारता येते.

टॅबचे मात्र घोडे अडले आहे. ओपन यूआय या गटात त्यावर बराच खल झाला. ब्रायन कार्डेल यांनी ‘स्पायसी-सेक्शन्स’ या कस्टम टॅगमधून एक प्रयोग मांडला: तोच मजकूर रुंद पडद्यावर टॅब, अरुंद पडद्यावर अकॉर्डियन आणि छापताना साधे मथळे. प्रयोगाने प्रश्न स्वच्छ केला, तरी एचटीएमएलमध्ये टॅबचा घटक अद्याप नाही.

मत तिसरे असो वा दुसरे, एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: ब्राउझरचे स्वतःचे नियमही एकसारखे नाहीत. सर्व्हरकडून आलेल्या एचटीएमएलमध्ये चुकून दोन रेडिओ निवडलेले असतील तर शेवटचा टिकतो. दोन डिटेल्स उघडे असतील तर पहिला टिकतो, नंतरचा मिटवला जातो. दोन्ही निर्णयांमागे आपापले तर्क आहेत. पण कस्टम टॅग लिहिणाऱ्याने कोणाचे ऐकायचे? ‘जसे ब्राउझर करतो तसे करा’ हा सल्ला इथे दोन उत्तरे देतो.

आणि एकच उघडा राहावा हे मुळात हिताचे आहे का, यावरही एकमत नाही. एचटीएमएलची व्याख्याच लेखकांना सावध करते: जागा वाचते खरी, पण अनेक कप्पे पाहायचे असणाऱ्याला ते पुन्हा पुन्हा उघडत बसावे लागतात. आठ-अ आणि सातबारा ताडून पाहणाऱ्या माणसाला एक कप्पा उघडताच दुसरा मिटणारे पान किती उपयोगाचे, हे ज्याने एकदा तसे केले आहे त्याला सांगायला नको.

कळफलक आणि स्क्रीन रीडर

गटाची खरी कसोटी माउसविना लागते. रेडिओ गटात टॅब कळ एकदाच थांबते आणि आत बाण कळींनी फिरायचे असते. कस्टम टॅगला हे स्वतः घडवावे लागते: एका मुलाचा टॅबइंडेक्स शून्य, बाकीच्यांचा उणे एक, आणि बाण दाबला की ही जबाबदारी पुढच्याकडे. डब्ल्यूथ्रीसीच्या मार्गदर्शिकेत टॅबसाठी दोन्ही रीती दिल्या आहेत. बाणाने पोहोचताच पॅनल उघडणे, किंवा पोहोचून एंटर वा स्पेसने उघडणे. पॅनल तयारच असेल तर पहिली बरी, आणायला वेळ लागत असेल तर दुसरी. ‘फोकसग्रुप’ नावाचा प्रस्ताव हे सगळे एका गुणधर्मात बसवू पाहतो; तो अजून प्रस्तावच आहे.

शॅडो डॉम इथे नडतो. टॅब कोणत्या पॅनलला चालवतो हे एरिया (ARIA) गुणधर्मांत आयडीने सांगतात, आणि आयडी शॅडोची भिंत ओलांडत नाही. एलिमेंटइंटर्नल्समुळे घटकाला स्वतःची भूमिका सांगता येते. सफारीने २०२३ मध्ये ते आणल्यावर तिन्ही इंजिनांत पोहोचले. तरी भिंतीआडच्या घटकाकडे बोट दाखवायचे कसे, यासाठी ‘रेफरन्स टार्गेट’ हा वेगळा प्रस्ताव चर्चेत आहे. टॅब आणि पॅनल दोन्ही भिंतीबाहेर, साध्या पानात ठेवले की हा प्रश्न उरतच नाही. बिनशॅडोच्या घराचे हे सर्वांत भक्कम म्हणणे.

आपल्याकडे याला कायद्याची बाजू आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, सरकारी संकेतस्थळांसाठीच्या जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ ची, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल केवायसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. जिल्हा-तालुका-गाव विचारणारा फॉर्म यातून सुटत नाही.

देवनागरीची एक अडचण इंग्रजीतल्या चर्चेत येत नाही. अंगभूत सिलेक्टमध्ये अक्षर टाइप केले की यादी तिथे उडी घेते. शिरूरच्या यादीत निमगाव भोगी, निमगाव म्हाळुंगी आणि निमगाव दुडे अशी तीन निमगावे आहेत. नुसत्या ‘नि’ने भागत नाही, पुढची अक्षरे लागतात. दिसायला देखणी कस्टम यादी हीच सोय कळ दाबल्याच्या घटनेवरून उभी करते. इनस्क्रिप्टवर ते जमून जाते. पण रोमन लिपीतून मराठी उमटवणाऱ्या कळफलकावर किंवा अँड्रॉइडच्या पडद्यावरच्या कळफलकावर त्या घटनेत नेमके अक्षर येतेच असे नाही, ते कंपोझिशनच्या घटनांतून येते. हे न सांभाळलेली यादी मराठीत मुकी होते. गावांच्या लांब यादीसाठी अंगभूत सिलेक्ट ठेवावा आणि कस्टम टॅगने फक्त त्याच्याभोवती राहून साखळी जपावी, असे मला वाटते ते यामुळेच.

अजून न मिटलेले

गटात गट हा पहिला. अकॉर्डियनच्या कप्प्यात टॅब आणि टॅबच्या पॅनलमध्ये पुन्हा अकॉर्डियन असेल, तर वर चढणारी घटना कोणत्या पालकाने घ्यायची? सर्वांत जवळच्याने, हे सर्वमान्य उत्तर आहे, पण प्रत्येक संग्रह ते आपापल्या तपासणीने अमलात आणतो आणि दोन संग्रह एका पानावर आले की तपासण्या जुळत नाहीत.

दुसरा फॉर्मचा. कस्टम टॅगला आता फॉर्मचा सभासद होता येते, स्वतःचे मूल्य आणि वैधता सांगता येते. पण पाच कस्टम रेडिओंचा मिळून एक गट, त्यातला एक तरी निवडलाच पाहिजे, ही अट ब्राउझर त्यांच्यासाठी पाळत नाही. मूल्य पालकाने द्यायचे की निवडलेल्या मुलाने, यावर संग्रहांत दोन्ही रीती नांदतात.

तिसरी साखळी. डिटेल्सला नाव मिळाले, बाण कळींसाठी प्रस्ताव आहे, टॅबवर खल चालू आहे. एका सिलेक्टच्या मूल्यावर दुसऱ्याचे पर्याय अवलंबून असतात, हे एचटीएमएलमध्ये सांगण्याची मात्र काहीच सोय नाही. जुना पर्याय कधी पुसायचा, नवी यादी येईपर्यंत रकाना बंद ठेवायचा की उघडा, मंद जोडणीवर आधीच्या तालुक्याची यादी नंतर येऊन पोहोचली तर ती टाकून कशी द्यायची, आणि ‘गावांची यादी बदलली’ हे स्क्रीन रीडरला केव्हा सांगायचे: चारही निर्णय प्रत्येक विभागाचा, प्रत्येक कंत्राटदाराचा विकसक आज स्वतंत्रपणे घेतो. पुणे जिल्ह्याच्या १४ तालुक्यांची तीच यादी मग महसूल, कृषी आणि रेशनच्या पानांवर वेगवेगळी वागू शकते. सामाईक कस्टम टॅग हा यावर सहज सुचणारा उपाय आहे. तो कोणत्या खात्याने लिहायचा आणि गावांचे कोड बदलले की कोणी दुरुस्त करायचा, हा भाग ब्राउझरवाल्यांच्या हाती नाही.